मी पुसलेला जिना

२००६ साली मी बाहत्तर वर्षांचा होतो. हॅम्बर्गला मुलाकडे आलो होतो, तीन महिन्यांच्या व्हिसावर, तेही जानेवारीत. सगळे म्हणाले, उन्हाळ्यात जा. म्हणून मी जानेवारीत गेलो. कुणी एक म्हटलं की मी दुसरं करतो. हा स्वभाव माझ्या बायकोनं मरेपर्यंत सोसला.

माझं शिक्षण चौथी, आणि चौथीचीही परीक्षा दिलेली नाही. पण वाचता येतं, लिहिता येतं. नोकरी आमच्या गावच्या नगरपालिकेत, सफाई खात्यात, चौतीस वर्षं. हे आधीच सांगून टाकतो, कारण मुलगा अर्धंच सांगतो. त्याच्या ऑफिसातल्या लोकांना तो म्हणतो, वडील नगरपालिकेत होते. खोटं नाही ते. पण मी रस्ता झाडला आणि त्याच रस्त्यानं त्याला शाळेत पाठवला, त्याची मला लाज नाही. लाज वाटायला मी रस्ता खराब झाडायला हवा होता.

मुलगा विमानांच्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायचा. सून एका संशोधन संस्थेत. दोघं साडेसातला बाहेर पडायची ती संध्याकाळी यायची. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या दगडी पायऱ्या आणि लाकडी कठडा. दिवसातून चारदा मी उतरायचो आणि चढायचो. दुसरं करायला होतं काय?

तो जिना पुसायला मंगळवारी आणि शुक्रवारी एक बाई यायची. घाना देशातली, असं सुनेनं सांगितलं. काळी, उंच, पन्नाशीची, डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं. पहिल्या दिवशी मी थांबून तिचं काम बघितलं. लोक गाणं ऐकतात तसं मी झाडलोट बघतो. ती वरून खाली यायची. पायरीचा उभा भागही पुसायची, कठड्याच्या दांड्या एकेक करून पुसायची, आणि कोपऱ्यात फडक्यासकट बोट फिरवायची. कोपऱ्यात बोट घालणारे मी फार थोडे बघितलेत. मी मान डोलावली. ती 'मॉइन' म्हणाली, इथे भेटल्यावर सगळे तसंच म्हणतात. मग ओल्या पायरीवर पाय नको म्हणून मी तिचं होईपर्यंत वरच उभा राहिलो, तेव्हा ती हसली आणि मला 'पापा' म्हणाली. भाषा दोघांची एक नाही. पण एकदा तिनं हात पुढे करून दाखवले, साबणाच्या पाण्यानं सालटं निघालेले. मी माझे दाखवले. तेवढं बोलणं पुष्कळ झालं.

फेब्रुवारी लागला आणि ती येईनाशी झाली.

मंगळवार गेला, शुक्रवार गेला. बाहेर बर्फ. माणसं घसरू नयेत म्हणून इथे फुटपाथवर बारीक खडी टाकतात. ती बुटाला चिकटून आत येते, वरून बर्फाचं पाणी. पुढच्या मंगळवारी जिना बाजार उठल्यावरच्या गल्लीसारखा दिसायला लागला. मी आपलं ठरवून टाकलं, बाई आजारी आहे.

इथे आमच्या सफाईच्या टोळीतली रीत सांगायला हवी, नाहीतर मी पुढे काय केलं ते कळायचं नाही. आमच्यात कुणी आजारी पडलं, कुणी बाळंत झाली, की तिचं बीट, म्हणजे तिच्या वाटणीचा रस्ता, बाकीच्यांनी वाटून घ्यायचा. आपला रस्ता धरायच्या आधी तासभर लवकर उठून तिचा झाडायचा. मुकादमाला रस्ता साफ दिसला की तो हजेरी लावायचा आणि जास्त विचारायचा नाही. माझी बायकोही त्याच खात्यात होती. आमचा मुलगा झाला तेव्हा तिचा रस्ता सव्वा महिना दुसऱ्या बायकांनी झाडला, म्हणून तिची नोकरी राहिली. कुणी उपकार म्हणून बोलून दाखवलं नाही. ज्याचा रस्ता घाण दिसला त्याच्यावर बालंट येणार, एवढं आम्हाला ठाऊक होतं.

तर बुधवारी पहाटे पाचला मी बादली काढली, सुनेचं जुनं फडकं घेतलं आणि वरून सुरुवात केली. लांब दांड्याचं पोतेरं मला जमत नाही. गुडघ्यावर बसून पुसलं. खडी आधी सुपलीत भरली, मग पाणी, मग कोरडं फडकं. चार मजले आणि तळमजला, दीड तास लागला. गुडघे बोलत होते, पण मी खूश होतो. पेन्शनीत निघाल्यापासून पहिल्यांदा हात कामाला लागले होते.

मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी, तिच्या दिवशी, मी तिचं बीट सांभाळायला लागलो. पहिल्या मजल्यावरच्या जर्मन आजीनं एकदा दार उघडून मला बघितलं. पुढच्या खेपेला तिच्या उंबऱ्यावर चॉकलेटची वडी ठेवलेली होती. मी ती खाल्ली, आणि वरच्या पायरीपर्यंत अगदी ताठ मानेनं गेलो.

मुलानं मला एकदा पकडलं. तोंड धुवायला लवकर उठला आणि अंथरुणात मी नाही. दार उघडून बघतो तर मी तिसऱ्या मजल्यावर.

"बाबा, हे काय चाललंय?"

"दिसत नाही का?"

"तुम्ही इथे झाडलोट करायला आलात? दुसऱ्या मजल्यावर माझ्या टीममधला माणूस राहतो."

"मग त्याच्या दारापुढचं सोडून देऊ?"

"चेष्टा नको. तुमच्या व्हिसावर काम करायला बंदी आहे. इथे कुणी तक्रार केली तर भारी पडेल."

"हे काम नाही. ती बाई आजारी आहे, तिचं सांभाळतोय."

"तिची कंपनी बघेल ना तिचं."

"कंपनी काय बघते ते मला माहीत आहे. तुला नाही."

तो म्हणाला, परत करायचं नाही. मी हां म्हटलं, आणि पुढच्या वेळी साडेचारला उतरलो. त्याला वाटलं, म्हाताऱ्यानं ऐकलं. सुनेला तर यातलं काहीच माहीत नव्हतं. असे एकूण तीन आठवडे गेले.

एका रविवारी जेवण झाल्यावर सून म्हणाली, "मामाजी, एक माहितीपट बघायला येता का? अमेरिकेतल्या काळ्या बायकांनी संप केला होता, त्याच्यावर आहे. संस्थेतल्या मैत्रिणीनं सांगितलं. नंतर कसलीशी सभा आहे, कंटाळलो तर उठू."

"नाचगाणी आहेत?"

"नाहीत."

"मग येतो."

मुलगा म्हणाला, रविवारी तरी मला पडू द्या.

एका चर्चच्या मागचा हॉल होता. घडीच्या खुर्च्या, टेबलावर कॉफी, घरी भाजलेले केक. दुपारचे तीन, तरी खिडकीतून उजेड म्हणावा असा येत नव्हता. सिनेमा जुना, काळापांढरा, इंग्रजी बोलणं आणि खाली जर्मन अक्षरं. मला दोन्ही बंद. सून कानाशी लागून मराठीत सांगत होती आणि मागचा माणूस दर दोन मिनिटांनी 'प्स्स्ट' करत होता. मी वळून त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढे बराच वेळ गप्प बसला.

एका गावातला मोठा धुलाईचा कारखाना. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे कपडे. काम करणाऱ्या सगळ्या काळ्या बायका. वाफेत उभ्या, बसायला जागा नाही. एक म्हातारी सांगत होती की मी आजी झाले तरी साहेब मला 'पोरी' म्हणतो, आणि साहेबाच्या विशीतल्या बायकोला मी बाईसाहेब म्हणायचं. मजुरी गोऱ्या बायकांपेक्षा कमी, ते तर होतंच. पण म्हातारी मजुरीवर बोलताना शांत होती. 'पोरी'वर आली तेव्हा तिचा आवाज हलला.

मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या हजेरीला माझ्या आईच्या वयाच्या बायकांना 'ए झाडूवाली' म्हणत. आमच्याही संपात, कायम करा आणि गमबूट द्या याच्याबरोबर तिसरी मागणी होती: हजेरीला नाव घ्या, आणि नावापुढे बाई लावा.

मग त्या बायका संपावर गेल्या. सकाळी घरी आपला चांगला झगा इस्त्री करायच्या आणि तो घालून कारखान्याच्या फाटकासमोर उभ्या राहायच्या. दुसऱ्यांचे कपडे जन्मभर इस्त्री केलेल्या बायका. त्या झग्यांच्या घड्या मला अजून दिसतात. पोलीस आले, दोघी-तिघींना गाडीत घातलं. मग एका सकाळी एक बस आली, खिडक्यांना पडदे लावलेली. दुसऱ्या गावाहून आणलेल्या बायका, यांच्या जागी काम करायला. मला वाटलं, आता दगड पडतील. तसं काही झालं नाही. संपावरच्या सगळ्याजणींनी बसकडे पाठ केली. एकही शब्द नाही. बस आत जाईपर्यंत पाठ केलेली.

मी मोठ्यानं म्हणालो, "बरोबर केलं." मागून 'प्स्स्ट' आलं.

मला आमचा माणूस आठवला होता. माझ्या शेजारच्या बीटवरचा. माझ्या लग्नात हलगी वाजवलेली त्यानं. आमचा संप अठरा दिवस चालला. अकराव्या दिवशी पहाटे त्यानं सरकारी दवाखान्यापुढचा रस्ता झाडला. आम्ही जाब विचारला तर म्हणाला, आत माझी आई आहे, दारात माश्या घोंगावतात, मला बघवलं नाही. मुख्याधिकाऱ्यानं तो एक रस्ता सगळ्यांना दाखवला, की बघा, काम होतंय, संप कुठे आहे? मागण्या अर्ध्याच मिळाल्या आणि रोजंदारीवरच्या आठ बायका परत घेतल्या नाहीत. त्याचं खापर मी त्याच्यावर फोडलं. पुढची सव्वीस वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. एकाच मुकादमाखाली, एकाच नळावर हात धुवून. तो गेला तेव्हा सगळी वस्ती मयताला गेली. बायको म्हणाली, आता तरी चला, माणूस राहिला नाही. मी गेलो नाही.

सिनेमा संपला, दिवे लागले. सहा-सात बायका पुढे जाऊन खुर्च्यांवर बसल्या. त्यांच्यात आमच्या जिन्यावरची बाई. मला आनंदच झाला. म्हटलं, बरी झाली. मी हात वर केला. तिनंही ओळखून हात हलवला.

सून म्हणाली, "मामाजी, या इथल्याच. जिने, ऑफिसं साफ करणाऱ्या. यांचा संप चालू आहे, चौथा आठवडा."

मी तिला विचारलं, कुठले जिने? ती म्हणाली, थांबा, बोलतायत.

आधी दुसरी एकजण बोलली. पाच मजली जिन्याला कंपनी चाळीस मिनिटं धरते, वरचा वेळ जातो तो फुकट. मुकादम नाव घेत नाही, घराच्या नंबरानं हाक मारतो. मग आमची बाई उठली. जर्मन बोलत होती, सावकाश, आणि सून माझ्या कानात सांगत होती. बहुतेक घरांमधे जिने घाण झालेत, भाडेकरू कंपनीला फोन करतायत, कंपनी आता बोलायला बसेल असं वाटतंय. पण माझ्या वाटणीच्या एका घरात जिना चकचकीत आहे. मुकादम येऊन बघून गेला. मला पत्र आलं की या घराला तुझी आठवड्यातून दोनदा गरज दिसत नाही, ते घर तुझ्या यादीतून काढतोय. ते घर गेलं तर माझे तास इतके कमी होतात की…

इथे सून थांबली.

"पुढे?"

"नंतर सांगते."

"आत्ता सांग."

तिनं माझ्या हातांकडे बघितलं. आदल्या शुक्रवारी तिनं विचारलं होतं, मामाजी, हात असे का उलले? मी म्हटलं होतं, थंडीनं.

मग ती अगदी हळू म्हणाली, "त्या म्हणतायत, कुणीतरी पहाटे चोरून येऊन साफ करतं. कंपनीचाच माणूस असणार. त्यानं एकदा माझ्यासमोर यावं आणि माझ्या तोंडाकडे बघावं."

त्या हॉलमधे पन्नासेक माणसं असतील. मी उठून उभं राहायला हवं होतं. नाही राहिलो. संपासाठी टोपली फिरली, सुनेनं त्यात नोट टाकली. आम्ही निघालो. बाईनं लांबून परत हात हलवला. माझ्याच्यानं हात वर झाला नाही.

घरी आल्यावर मी मुलाला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. तो आधी चिडला, मग घाबरला.

"झालं ते झालं. उद्यापासून करू नका, म्हणजे जिना आपोआप घाण होईल आणि विषय संपेल."

"पत्र गेलंय तिला. ते कसं संपेल?"

"बाबा, तुम्ही जाऊन सांगणार म्हणजे कुणाला सांगणार? व्हिजिटर माणूस तीन आठवडे जिने पुसत होता, हे लेखी देणार? उद्या मला आउसलेंडरबेहोर्डेला, त्या परदेशी लोकांच्या कचेरीत, बोलावतील. तुम्हाला परत व्हिसा मिळायचा नाही."

"नाही मिळाला तर नाही मिळाला. थंडी बघून झाली माझी."

"निदान माझं नाव घेऊ नका."

"तुझ्या नावाच्या मधोमध माझं नाव आहे. ते मी कसं काढू?"

तो म्हणाला, "तुम्ही जन्मभर असेच." आणि आत गेला. सून भांडी घासत होती. मान न वळवता म्हणाली, "सकाळी मी येते तुमच्याबरोबर. जर्मन कोण बोलणार?"

पडून राहिलो, पण तो माणूस डोळ्यांपुढून जाईना. त्यानं संप फोडला होता, हे माझं मत त्या दिवशीही होतं आणि आजही आहे. कारण चांगलं असलं म्हणून झाडलेला रस्ता न झाडलेला होत नाही, आणि साफ दिसलेला रस्ता कुणाच्या उपयोगी पडतो ते पडतोच. माझंही तेच. मी आजारी बाईचं सांभाळत होतो आणि सांभाळलं कंपनीला. पण सव्वीस वर्षांत मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं की तुझी आई त्या दवाखान्यातून परत आली का? मला अजूनही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवारी सकाळी आम्ही निघालो तेव्हा मुलगा दारात उभा होता. माझा कोट त्यानंच खुंटीवरून काढून दिला. बरोबर मात्र आला नाही. जिन्यावर शनिवार-रविवारची खडी पडलेली होती. मी तिच्यावर पाय देऊन उतरलो.

कंपनीच्या ऑफिससमोर त्या बायका उभ्या होत्या, हातात पाट्या, पायांत दोन-दोन मोजे. मी बाईसमोर जाऊन उभा राहिलो आणि तिच्या तोंडाकडे बघितलं.

"सांग तिला," मी सुनेला म्हणालो, "तो माणूस मी."

तिला खरं वाटेना. तिनं दोनदा विचारलं. मग म्हणाली, "पापा, तुम्हाला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. मला वाटलं तू आजारी आहेस. आमच्यात आजारी बाईचा रस्ता बाकीचे झाडतात."

तिनं ते आपल्या भाषेत दुसऱ्यांना सांगितलं. एक-दोघी हसल्या. ती हसली नाही.

"चार आठवडे मी या थंडीत उभी आहे," ती म्हणाली.

"हो."

"मी आजारी आहे का, हे विचारलं असतं तर?"

मी म्हणालो, चुकलो. सुनेनं सांगितलं. बाई म्हणाली, मला माफी मागून काय करायचंय, वर चला आणि हेच त्यांना सांगा.

वर गेलो. ती, मी आणि सून. टेबलामागे एक तरुण कारकून होता. मी उभ्यानंच सांगितलं. जिना आपोआप साफ राहिला नाही, मी पुसला, सहा वेळा, गुडघ्यावर बसून. आता पुसणार नाही. कारकुनानं पासपोर्ट मागितला. सुनेनं माझ्याकडे बघितलं. मी खिशातून काढून टेबलावर ठेवला. त्यानं नंबर उतरवला आणि लिहायला लागला.

मी म्हणालो, "अजून एक लिहायला सांग. तो जिना चाळीस मिनिटांत होत नाही. मला दीड तास लागतो, आणि मी चौतीस वर्षं हेच काम केलंय."

सुनेनं सांगितलं. कारकुनाचं पेन थांबलं. तो म्हणाला, याचा इथे संबंध नाही.

मी खुर्ची ओढून घेतली आणि बसलो. म्हणालो, लिहीपर्यंत मी उठत नाही. बाई माझ्या शेजारी उभी होती, ती तिथेच उभी राहिली. त्यानं आत जाऊन कुणालातरी विचारलं, परत आला आणि लिहिलं. सुनेनं ते मला दोनदा वाचून दाखवलं. मग मी चष्मा लावला आणि खाली मराठीत सही केली.